हार्ड डिस्कचा इशारा कसा वाचायचा, आणि त्याआधी काय करायचं

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ अशी ओळ येते आणि खाली ‘प्रेस एफ१ टू रिझ्यूम’ असं दिसतं. (‘स्मार्ट’ म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद.) बहुतेक दुकानांत एफ१ दाबला जातो. विंडोज उघडतं, टॅली उघडते, हळदीच्या पट्ट्या निघतात, आणि ती ओळ हळूहळू रोजच्या सवयीची होऊन जाते. सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान असो, गावची दूध संस्था असो की विश्रामबागेतला फोटो स्टुडिओ, डिस्क ‘अचानक’ गेली म्हणून जे सांगितलं जातं, त्यातल्या अनेक डिस्कनी आधी असा इशारा दिलेला असतो.

एफ१ दाबून पुढे जायची मुभा आहे, पण ती एकदाच वापरायची: डेटा बाहेर काढण्यासाठी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी कॉपी, मग चाचणी. लोक नेमकं उलट करतात. इशारा दिसला की आधी विंडोजची चेकडिस्क लावतात, सीगेट कंपनीच्या सीटूल्सची लांब चाचणी लावतात, ‘रिपेअर’ असं लिहिलेलं काहीतरी डाउनलोड करतात. पूर्ण चाचणीत डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डेटा साठवायचा लहानसा कप्पा) शेवटच्यापर्यंत तासन्‌तास फिरतं. निरोगी डिस्कला त्याचं काही नाही. जिचं हेड किंवा पृष्ठभाग खराब व्हायला लागलाय, तिच्यासाठी मात्र ती शेवटची फेरी ठरू शकते. ती फेरी तुमच्या फायली वाचण्यात खर्च झालेली बरी.

कॉपी कशी काढायची

पहिल्यांदा लहान आणि न मिळणाऱ्या गोष्टी उचला. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचं पाच-सहा आकडी नावाचं एक फोल्डर असतं. ते अख्खं घ्या. त्यानंतर एक्सेलच्या फायली, स्कॅन केलेली कागदपत्रं, डेस्कटॉपवर साठलेलं सगळं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं करणाऱ्यांनी डिझाइनच्या फायलींबरोबर जुने मराठी फॉन्टही घ्यावेत, नाहीतर फाइल उघडते पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. फोटो आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी, कारण वेळ त्यांनाच लागतो.

वेळेचा अंदाज आधी बांधा. जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे १ टीबीला आठ-नऊ तास. यूएसबी ३ वर (आतून बहुधा निळा असतो तो पोर्ट) सेकंदाला १०० एमबी धरले तर तीन तासांच्या आत काम होतं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. लाईट जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस लावल्याशिवाय सुरुवात करू नका.

साध्या कॉपी-पेस्टमध्ये एक अडचण आहे. खराब सेक्टरवरची फाइल आली की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी चूक दाखवून काम अडतं. विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा अशी फाइल सोडून पुढे जाऊ शकते, पण तिची मूळ मांडणी माहीत हवी: एक फाइल वाचता आली नाही तर ती दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते, आणि दर दोन प्रयत्नांच्या मध्ये ३० सेकंद थांबते. म्हणून प्रयत्नांचा आकडा (आर) आणि थांबण्याचा आकडा (डब्ल्यू) दोन्ही १ वर आणायचे. मग ती अडलेली फाइल सोडते आणि सुटलेल्या फायलींची यादीही देते.

डिस्क फारच अडखळत असेल तर फायलींच्या मागे न लागता अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढावी. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू त्यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा नकाशाच्या फायलीत नोंदवतं, आणि त्या जागांकडे सर्वांत शेवटी वळतं. मध्येच लाईट गेली तरी त्या नकाशावरून पुढे सुरू करता येतं. स्रोत कुठली डिस्क आणि नवी कुठली, हे आज्ञा देण्याआधी अनुक्रमांक पाहून दोनदा तपासा. इथे अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

पाण्यात गेलेली डिस्क सोडली तर एकच परिस्थिती अशी आहे की कॉपीही करायची नाही. डिस्क एका लयीत टक-टक वाजते, थांबते, पुन्हा वाजते, किंवा घासल्यासारखा आवाज येतो, तेव्हा लगेच बंद करा. आधी एवढंच बघा की ती यूएसबीवरची लहान, खिशात मावणारी डिस्क आहे का. तशी असेल तर वीज कमी पडल्यानेही टकटक होते. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीॲम्पियर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवरून काढून मागच्या पोर्टला, आखूड आणि चांगल्या केबलने एकदाच लावून बघा. आवाज तसाच राहिला तर डेटाची किंमत ठरवा, आणि ती मोठी असेल तर क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या रिकव्हरी लॅबकडेच द्या. बाजारात पेचकसाने उघडलेली डिस्क लॅबमध्ये नेल्यावर काम अवघड होतं आणि खर्चही वाढतो.

आकडे वाचताना

कॉपी झाली. आता डिस्कची तब्येत बघू. विंडोजवर त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन पुरेसं आहे. वर एका चौकोनात निळ्या रंगात ‘गुड’, पिवळ्यात ‘कॉशन’ किंवा लाल रंगात ‘बॅड’ दिसतं. बहुतेक जण तेवढंच वाचतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात असते.

त्या तक्त्यात प्रत्येक ओळीला करंट, वर्स्ट, थ्रेशोल्ड आणि रॉ असे चार आकडे असतात. थ्रेशोल्ड ही सीमा, आणि पहिले दोन म्हणजे कंपनीने काढलेले ‘गुण’. ते १०० किंवा २०० पासून सुरू होतात आणि डिस्क झिजेल तसे उतरतात. करंट थ्रेशोल्डला टेकला की संगणक सुरू करणारं बायोस ‘स्मार्ट स्टेटस बॅड’ म्हणतं. पण ती सीमा कंपनीनेच ठरवलेली असते आणि फार सैल असते. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कवर बदललेल्या सेक्टरच्या ओळीचे गुण २०० पासून सुरू होतात आणि सीमा १४० असते. शेकडो सेक्टर खराब होऊनही गुण १९० च्या आसपास राहतात, म्हणजे कंपनीच्या हिशेबाने डिस्क ‘पास’. म्हणून रॉ, म्हणजे डिस्कने मोजलेला कच्चा आकडा, हा रकाना बघायचा. तो सोळा-अंकी पद्धतीत (हेक्साडेसिमल, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ) दिसतो. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या वाटेने जाऊन दशमान, म्हणजे १० ची पद्धत निवडा.

आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. पण पावसाळ्यात सांगलीत ‘पाणी किती?’ एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘चढतंय का उतरतंय?’ ३८ फुटांवर चढतं पाणी आणि ४१ फुटांवर उतरतं पाणी यांत माणूस कशाला घाबरतो ते इथे वेगळं सांगायला नको. डिस्कचे आकडे याच नजरेने वाचायचे. आजचा आकडा एकटा अर्धीच गोष्ट सांगतो. म्हणून पहिल्याच दिवशी एडिट मेनूतून कॉपी घेऊन तो अहवाल तारखेच्या नावाने जपून ठेवा. आठवड्याने पुन्हा घ्या. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा.

बघायच्या ओळी थोड्याच आहेत. ०५, सी५ हे त्या ओळींचे क्रमांक, तेही सोळा-अंकी पद्धतीतले.

०५, म्हणजे बदललेले सेक्टर. डिस्कजवळ राखीव जागा असते. एखादा सेक्टर कायमचा गेला की ती त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते आणि हा आकडा वाढवते. तो कधीच कमी होत नाही. आकडा ८ वर येऊन सहा महिने तिथेच थांबला, तर पृष्ठभागाच्या एखाद्या डागापुरतं ते प्रकरण असू शकतं. अशी डिस्क दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीसाठी चालेल, हिशेबाच्या मुख्य संगणकात नको. ८ चे आठवड्यात २४ आणि मग ११२ झाले, तर पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही. (आकडे आठच्या पटीत का वाढतात असा प्रश्न पडतो. अलीकडच्या डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि तो संगणकाला ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवला जातो. म्हणून काही डिस्क एकाच खराब जागेची आठ अशी मोजणी करतात.)

सी५, दशमान पद्धतीत १९७, म्हणजे प्रलंबित सेक्टर. आमच्या मते तक्त्यातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही हिच्याबद्दलच आहेत. डिस्कला इथलं लिहिलेलं वाचता येत नाहीये, पण सेक्टर कायमचा गेला असा निकाल तिने अजून दिलेला नाही. निकाल तेव्हा लागतो जेव्हा त्या जागेवर नव्याने काही लिहिलं जातं. नीट लिहिलं गेलं तर सी५ एकने कमी होतो आणि ०५ आहे तिथेच राहतो. नाही लिहिलं गेलं तर सी५ मधून कमी झालेला सेक्टर ०५ मध्ये जमा होतो. पहिला प्रकार आपल्याकडे बराच दिसतो, कारण लिहीत असताना लाईट गेली की सेक्टर अर्धवट लिहिला जाऊ शकतो. त्याच्याबरोबर ठेवलेली तपासणीची बेरीज जुळत नाही आणि वाचताना डिस्क तो नाकारते. धातूच्या थराला काहीच झालेलं नसतं. म्हणून सी५ मध्ये १ किंवा ८ दिसले म्हणजे डिस्क मेलीच असं समजायचं कारण नाही, आणि ‘लाईटमुळे असेल’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. डेटा बाहेर काढून पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहा (विंडोजचा पूर्ण फॉरमॅट, ‘क्विक’ची खूण काढून, हे काम करतो) आणि आकडे पुन्हा बघा. सी५ शून्यावर आला, ०५ वाढला नाही, त्यानंतरची लांब चाचणी पास झाली, तर डिस्क वापरायला हरकत नाही. सी५ शून्य झाला पण ०५ तेवढ्याने चढला, तर पृष्ठभाग खरंच झिजतोय.

सी६, म्हणजे १९८, हा सी५ चा जोडीदार. बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबरच हलतात.

बीबी, म्हणजे १८७: डिस्कने दुरुस्त करता न आलेली चूक संगणकाला कळवली, असं किती वेळा झालं ते. सगळ्या कंपन्या ही ओळ देत नाहीत. दिली असेल तर ती शून्यच हवी.

बीसी, म्हणजे १८८, दिलेली आज्ञा वेळेत पूर्ण न झाल्याची नोंद. सीगेटच्या डिस्कवर इथे ४२९५०३२८३३ असा छाती दडपणारा आकडा दिसू शकतो. घाबरू नका. या एका खान्यात तीन वेगवेगळे मोजमाप चार-चार सोळा-अंकी आकड्यांत जोडून ठेवलेले असतात. सोळा-अंकी पद्धतीत तोच आकडा ०००१ ०००१ ०००१ असा दिसतो. म्हणजे घटना एकच.

सीगेटच्याच ०१ आणि ०७ या ओळींनी आजवर कितीतरी चांगल्या डिस्क भंगारात घातल्या असतील. वाचनातल्या आणि हेड सरकण्यातल्या चुकांच्या या ओळींत कोटींचे आकडे दिसतात. त्यातला मोठा भाग चुकांचा नसून एकूण किती वेळा वाचलं किंवा हेड किती वेळा हललं, त्याचा असतो. पुन्हा सोळा-अंकी दृश्यात जा. बारा अंकांपैकी डावीकडचे पहिले चार शून्य असतील तर चूक एकही नाही.

सी७, म्हणजे १९९, हा डिस्कचा दोषच नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलवर डेटा जाताना बिघडला की हा वाढतो. उपाय म्हणजे नवी साटा केबल आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट. आकडा शून्यावर परत येत नाही, तो फक्त थांबतो. म्हणून केबल बदलल्याच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. महिन्याने तोच असेल तर काम झालं. केबल स्वस्तात मिळते. ती न बदलता डिस्क बदलायला लावणाऱ्या दुकानदाराला आधी हा आकडा दाखवा.

०ए, म्हणजे १०: तबकड्या फिरवायला एकापेक्षा जास्त प्रयत्न लागले. मोटर दमतेय किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) पुरेशी वीज देत नाही. दुसऱ्या एसएमपीएसवर लावूनही वाढत राहिला तर मोटर.

उरलेल्या ओळी इशारा देत नाहीत, इतिहास सांगतात. ०९ म्हणजे चालू असलेले तास. वर्षाचे ८७६० होतात, म्हणजे पाच वर्षं अखंड चाललेल्या सीसीटीव्हीच्या डिस्कवर ४३ हजारांच्या पुढचा आकडा येणारच. सी१ म्हणजे हेड किती वेळा पार्क झालं, म्हणजे बाजूला विसावलं. लॅपटॉपच्या डिस्क साधारण सहा लाख वेळांसाठी बनवतात. सी२ तापमान: ४५ अंशांच्या आत चांगलं, ५० च्या वर गेलं तर हवा खेळती करा, आणि बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४० अंश असताना सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर छताजवळच्या बंद लाकडी खोक्यात ठेवलेला असेल, तर ती मर्यादा फार लांब नाही.

जुनी डिस्क विकत घेताना ०९ मध्ये अगदी थोडे तास दिसले, पण लेबलवर तीन-चार वर्षांपूर्वीची तारीख असली तर विचारा. स्मार्टचे आकडे पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं होतं. त्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, तिथे खरे तास सापडले.

‘गुड’ म्हणजे काय नाही

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांनी स्मार्टमध्ये कसलाच इशारा दिलेला नव्हता. म्हणजे इशारा आला तर तो खरा माना. न आल्याने निर्धास्त होऊ नका. निळ्या ‘गुड’च्या भरवशावर बॅकअप थांबवला तर या ३६ टक्क्यांतली डिस्क तुमचीच असू शकते.

चाचण्या आणि त्यांचे निकाल

क्रिस्टलडिस्कइन्फो फक्त नोंदी वाचतं, चाचणी घेत नाही. चाचणीसाठी जीस्मार्टकंट्रोल, सीगेटचं सीटूल्स किंवा वेस्टर्न डिजिटलचं डॅशबोर्ड वापरा. छोटी चाचणी साधारण दोन मिनिटांची असते. ती इलेक्ट्रॉनिक्स, हेडची हालचाल आणि पृष्ठभागाचा अगदी लहान भाग बघते. छोटी नापास झाली तर डिस्क नक्की खराब आहे. पास झाली तर फार काही सिद्ध होत नाही. लांब चाचणी सगळा पृष्ठभाग वाचते; १ टीबीला दोन तासांच्या आसपास, ४ टीबीला सात-आठ तास.

निकालात ‘कम्प्लीटेड विदाउट एरर’ आलं तर ठीक. ‘रीड फेल्युअर’ आणि शेजारी एक मोठा क्रमांक आला तर त्या क्रमांकाच्या सेक्टरवर वाचन अडलं. चाचणी सहसा पहिल्याच चुकीवर थांबते, त्यामुळे एक क्रमांक दिसला म्हणजे एकच जागा खराब असा अर्थ काढू नका. ‘अबॉर्टेड’ किंवा ‘इंटरप्टेड’ हे नापास नव्हे. संगणक झोपला, लाईट गेली किंवा यूएसबी खोक्याने डिस्क बंद केली. स्लीप बंद करून पुन्हा लावा.

लॅपटॉपचे आकडी कोड वेगळे. डेलवर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स चालवल्यावर २०००-०१४२ आलं तर डिस्कची स्वतःची चाचणी नापास. २०००-०१४६ आलं तर चाचण्यांच्या नोंदवहीत आधीच्या चुका पडलेल्या आहेत. एचपीवर ३०१ म्हणजे स्मार्टचा इशारा. ३एफ० मात्र वेगळा आहे: बूट करायला डिस्कच सापडली नाही. त्यात डिस्क गेलेली असू शकते, किंवा पडल्या-आदळल्याने जोड सैल झालेला असू शकतो, किंवा बायोसची मांडणी बदललेली असू शकते. ३एफ० बघून लगेच नवी डिस्क घेऊ नका.

विंडोज स्वतःही नोंदी ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम उघडा आणि ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी गाळून घ्या. ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला, ५२ म्हणजे डिस्कने स्वतःच्या बिघाडाचं भाकीत केलं, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. १५३ अधूनमधून दिसला आणि सी७ वाढत असेल तर पुन्हा केबलकडे बघा.

चेकडिस्कबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. चेकडिस्क डिस्क दुरुस्त करत नाही. ती फायलींची रचना दुरुस्त करते, आणि ती करताना तुटलेल्या फायली बाजूला टाकते किंवा कापते. खराब डिस्कवर, कॉपी न काढता चेकडिस्क म्हणजे वाचवता आली असती ती फाइल हातची घालवणं. ती नव्या डिस्कवर, प्रतिमा उतरवल्यानंतर चालवा. तिथेही एक गंमत होते: जुन्या डिस्कच्या खराब जागांची यादी प्रतिमेबरोबर नव्या डिस्कवर येते आणि चांगल्या डिस्कवरही ‘बॅड सेक्टर’ दिसतात. बी हा पर्याय देऊन चेकडिस्क चालवली की ती यादी नव्याने तपासली जाते.

डिस्क संथ आहे म्हणजे खराबच, असंही नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली तर सरासरी प्रतिसादाचा वेळ बघा. १०-२० मिलीसेकंद असेल आणि अपडेट चालू असेल तर ते नेहमीचं आहे. हजारांत जात असेल, आणि वेग मात्र काही केबीच असेल, तर सी५ तपासा. काही नव्या मोठ्या डिस्क एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे पट्टे लिहितात. सलग बराच डेटा लिहिला की त्यांचा वेग खूप पडतो. तो त्यांचा स्वभाव आहे.

वीज

घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर त्याच्या मागचा किंवा बाजूचा खटका बघा. इको किंवा साध्या मोडवर लाईट गेल्यानंतर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडवर तो सहसा तग धरतो. त्याहून बरं म्हणजे वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजा. तो २-३ व्होल्टच्या आत हवा. जास्त येत असेल तर आधी वायरमनला बोलवा, मग नवी डिस्क घ्या.

एसएसडीचे आकडे

एसएसडी डेटा चिपवर साठवते, तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून टकटकही नाही आणि सहसा पूर्वसूचनाही नाही. एनव्हीएमई या नव्या, जलद प्रकारच्या एसएसडीवर चार ओळी बघा. ‘पर्सेंटेज यूज्ड’ ही लिहिण्याच्या हमीपैकी किती संपली ते सांगते. १०० झाली म्हणून ती त्या दिवशी बंद पडत नाही. ‘अव्हेलेबल स्पेअर’ त्याच्या सीमेच्या (बहुधा १० टक्के) जवळ आला तर बदला. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्यच हवेत. ‘क्रिटिकल वॉर्निंग’मध्ये ०८ दिसलं तर डिस्कने लिहिणं बंद केलंय आणि फक्त वाचू देतेय. ही मोठी कृपा समजा आणि त्याच तासात सगळं काढून घ्या.

पाण्यात गेलेली डिस्क

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीत किती दुकानांचे संगणक पाण्याखाली गेले ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. नेहमीच्या हार्ड डिस्कवर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, आणि शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. गढूळ पाणी तिथून आत जातं. अशी डिस्क ‘चालते का’ बघायला म्हणून वीज देऊ नका. गाळाचा कण हेड आणि तबकडीच्या मध्ये आला की पृष्ठभाग ओरबाडला जातो. उन्हात ठेवू नका, तांदळात पुरू नका. सुकला की तोच गाळ तबकडीवर चिकटून बसतो. ओलसर फडक्यात गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून लॅबला पाठवा. पूर येतोय असं दिसलं तर अख्खा संगणक वर उचलायला वेळ मिळेलच असं नाही, म्हणून बॅकअपची डिस्क पहिल्यापासूनच वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या वस्तीतल्या घरी ठेवा. पुढे ती लावायची वेळ आली तर आधी तिच्यावरची एखादी टॅलीची कंपनी उघडून बघा.

जुनी डिस्क बाहेर काढल्यावर

नव्या डिस्कवर आठ-पंधरा दिवस काम नीट चाललं, सगळ्या फायली उघडल्या, तोपर्यंत जुनी कुणाला देऊ नका. वॉरंटी आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर लेबलवरचा अनुक्रमांक घालून कळतं. वॉरंटीत बदली डिस्क मिळते, तुमचा डेटा नाही, आणि परत पाठवलेली डिस्क परत येत नाही. म्हणून ती चालत असेल तर पाठवण्याआधी पूर्ण फॉरमॅट करून घ्या. चालतच नसेल आणि वॉरंटीही संपली असेल तर भंगारात टाकण्याआधी झाकण उघडून तबकड्यांना ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा. लॅपटॉपच्या काही डिस्कमध्ये तबकडी काचेची असते आणि तिचे तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि वर जाड कापड हवंच.